अविभक्त वाहन

ज्याचे आयुष्य शब्दांचे अर्थ सांगण्यात गेले, तो मोटारीविषयी लिहावयास बसला तरी त्याची लेखणी प्रथम शब्दाकडेच वळावयाची. वाचकांनी हा आमचा जुना स्वभाव जाणून क्षणभर धीर धरावा. लॅटिन भाषेत 'ओम्निस' म्हणजे 'सर्व', आणि त्याच शब्दाचे चतुर्थीचे अनेकवचन 'ओम्निबुस', म्हणजे 'सर्वांसाठी'. आपल्या 'सर्वेभ्यः' या रूपात 'भ्यः' जे काम करतो, तेच तिकडे 'बुस' करतो. हे दोन्ही प्रत्यय एकाच कुळातले, असे भाषाशास्त्र सांगते. पुढे पाश्चात्त्य लोकांनी सर्वांना बसता येईल अशा भाड्याच्या गाडीस हे नाव दिले आणि कालांतराने शब्दाचे अंग टाकून नुसता प्रत्यय जिभेवर ठेवला. तोच आपला 'बस'. तात्पर्य, रोज सकाळी कोट्यवधी माणसे एका विभक्तिप्रत्ययात बसून कामावर जातात, आणि त्यांपैकी कोणासही व्याकरणाची भीती वाटत नाही!

प्रत्यय बसने घेतला. उरलेले अंग आमच्या वाट्यास आले. आमच्या घरच्या गाडीचे नाव 'ओम्नी'.

या गाडीचा पूर्ववृत्तांत थोडक्यात असा. गुडगाव येथील मारुतीच्या कारखान्यातून १९८३ च्या डिसेंबरात पहिली छोटी मोटार बाहेर पडली, आणि त्या पाठोपाठ १९८४ साली तिचेच ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे इंजिन घालून ही पेटीच्या आकाराची गाडी निघाली. प्रथम तिला नुसते 'मारुती व्हॅन' म्हणत. 'ओम्नी' हे नाव १९८८ साली मिळाले. मौज अशी की, त्याच सुमारास, म्हणजे १९८३ च्या अखेरीस, अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनेही कुटुंबासाठी म्हणून सरकत्या दाराची व्हॅन बाजारात आणली आणि तिकडे 'मिनीव्हॅन' हा शब्द घरोघरी झाला. दोन्ही देशांत गृहस्थाची अडचण एकच होती. माणसे पुष्कळ, सामान त्याहून पुष्कळ, आणि मोटारीत जागा चौघांची. अमेरिकेची व्हॅन आकाराने आपल्या व्हॅनच्या थोरल्या बहिणीसारखी. तरी दोघींचे ब्रीद एकच, की कोणासही मागे ठेवावयाचे नाही.

आमच्या घरात ती १९९९ साली आली. त्या वेळी साताऱ्यास आम्ही तिघे बंधू एका छपराखाली होतो, आणि घरची एकूण पाने अकरा. गाडी आठ आसनांची. उरलेली तिघे मांडीवर बसण्याच्या वयाची होती, त्यामुळे हिशेब जमला. गाडी आमच्या ज्येष्ठ बंधूंच्या, म्हणजे दादांच्या नावावर घेतली, आणि सारथ्य आमच्याकडे आले. कारण दादांस रागावण्याची सवय होती आणि धाकट्यास वेगाची. मास्तरकीत पंचेचाळीस मुलांचा वर्ग हाकलेला मनुष्य त्यातल्या त्यात सुरक्षित, असा निर्णय आमच्या मातोश्रींनी दिला. चाळिसाहूनही कमी अश्वशक्तीचे ते इंजिन. परंतु सूर्याच्या रथास सातच घोडे असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे आपली काही तक्रार उरत नाही.

आता या गाडीच्या स्वभावाविषयी. पहिली गोष्ट तिचे दार. ते उघडत नाही, सरकते. पाहुणा मनुष्य येतो, मूठ धरतो, आणि जगातील यच्चयावत दारांप्रमाणे ते आपल्याकडे ओढू पाहतो. दार जागचे हलत नाही. मग तो अधिक जोर लावतो, आणि घरातील लहान मुले ओट्यावरून एका सुरात ओरडतात, "मागे ढकला, मागे!" हिंदी चित्रपटांत माणसे पळवून न्यावयाची झाली की बहुधा हीच गाडी योजतात. आमच्या गाडीतून कोणास पळवावयाचे तर त्या बिचाऱ्यास आधी दार उघडण्याचा पाठ द्यावा लागेल. दार ज्या पन्हळीतून सरकते तिच्यात चिवड्याचे दाणे, गुहागरची वाळू, एखादे चिंचेचा चिचोका, असे सर्व प्रवासांचे अवशेष साठत. दर दिवाळीस आमची सौभाग्यवती जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने ती पन्हळ झाडते, आणि आम्ही तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा फिरवितो. पुढचे पंधरा दिवस दार एखाद्या सुसंस्कृत माणसाप्रमाणे वागते.

दुसरी गोष्ट मानाच्या जागेची. या गाडीचे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली असते. तेल पाहावयाचे तर आसन उचलावे लागते. त्यामुळे सारथ्याशेजारची जागा, जी कोणत्याही मोटारीत मानाची, ती येथे साक्षात शेगडीवर. मार्गशीर्षात पहाटे निघावे तर त्या जागेसारखे सुख नाही. वैशाखात दुपारी निघावे तर त्या जागेसारखे तप नाही. लग्नसराई वैशाखातच येते, आणि जावयास मानाची जागा देणे हा तर कुलाचार. आमच्या दोघा जावयांनी हा सन्मान न कुरकुरता सोसला. एक जण मात्र एकदा अत्यंत नम्रपणे म्हणाले, "मामा, आम्ही आता घरचेच झालो, आम्हांस मागे बसविले तरी चालेल."

तिसरी गोष्ट वळणाची. पुढची चाके सारथ्याच्या जवळजवळ पायांखाली असतात, आणि गाडीस नाक म्हणून नाहीच. सवयीच्या मोटारीत वळण दिसले की चाक वळवावे. येथे आपण स्वतः वळणापर्यंत जाऊन पोहोचावे आणि मग वळवावे. वळण अगदी डोळ्यांपुढे येईपर्यंत शांत राहावयाचे, ही गोष्ट आम्हांस पन्नास वर्षे गीता वाचून जितकी समजली नाही, तितकी या गाडीने समजाविली. उघड्या माळावर वाऱ्याचा झोत आडवा आला की ती किंचित डुलते. अशा वेळी गती कमी करावी, दोन्ही हातांनी चाक धरावे, आणि मागे चाललेल्या गप्पांत भाग घेऊ नये, एवढे पथ्य पुरे.

परंतु सर्वांत मोठा विशेष आसनांचा. आठ आसनांच्या या गाडीत मागील दोन बाके समोरासमोर असतात. मधल्या बाकावरच्यांची पाठ सारथ्याकडे. त्यांस गेलेला रस्ता दिसतो. शेवटच्या बाकावरच्यांस येणारा रस्ता दिसतो. आणि दोघांसही एकमेकांची तोंडे दिसतात, ती दिसल्यावाचून गत्यंतरच नसते. गुडघ्यास गुडघा लागतो. उलटे बसलेल्या मुलांस घाटात मळमळू लागते, म्हणून आवळासुपारी आणि लिंबू यांचा एक डबा गाडीतच राहतो. पण भेंड्या लावाव्यात, पत्ते मांडावेत, डबा एकदा उघडून सहा जणांनी त्यात हात घालावा, तर याच रचनेत. दोन्ही बाकांमध्ये एक पिशवी उभी केली की तिचा चौरंग होतो.

निघण्याचा प्रकार तर दर वेळी एकच. सहा वाजता निघावयाचे ठरते आणि साडेसातास गाडी हलते. थोरल्या आक्कांचा चष्मा राहतो. कोणास तरी शंका येते की मागच्या दाराची कडी घातली की नाही. ते पाहून आलेला मनुष्य गॅसची शंका घेऊन येतो. मुलांपैकी एकास नेमक्या त्याच वेळी तहान लागते. आम्ही चाकामागे बसून असतो, आणि बसल्याबसल्या एका वहीत तारीख, किलोमीटर आणि पेट्रोल यांचे आकडे लिहितो. १९९९ पासूनच्या अशा चार वह्या आमच्याकडे आहेत. आकड्यांपुढे कारण लिहिण्याची आमची पद्धत आहे: 'वाई, मुंज', 'पुणे, पुतणीस पहावयास', 'कऱ्हाड, प्रसूती, पहाटे तीन', 'माहुली, मातोश्रींच्या अस्थी'. हिशेबासाठी आरंभिलेली ती वही आज वाचू गेलो तर घराची बखर होऊन बसली आहे. तिच्यात एक गोष्ट मात्र कोठेही लिहिलेली नाही, ती म्हणजे निघावयास किती उशीर झाला ही. एका गाडीने जावयाचे म्हणजे घरातील सर्वांत सावकाश मनुष्याच्या पायाने चालावयाचे; तो उशीर हा प्रवासाचाच भाग, हे सर्वांनी न बोलता मान्य केले होते.

दादा २०१६ साली गेले. पुढील वर्षी घराची वाटणी झाली. भांडण असे झाले नाही. पण वाटणी ही वाटणीच. तीन चुली झाल्या, अंगणात दोर धरून मापे घेतली गेली, आणि तांब्याचा बंब कोणाकडे जावा या क्षुल्लक गोष्टीवरून आमच्या वहिनी, ज्यांना सारे घर माई म्हणते, आणि धाकट्या बंधूची पत्नी या दोघींत अबोला आला. सर्व वस्तूंची यादी संपली तेव्हा शेवटी गाडी राहिली. तिची किंमत ती काय! विकून तीन भाग करावेत, असे कोणी सुचविले. तेव्हा आम्ही मास्तरकीचा अधिकार एकदाच वापरला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्यांची वाटणी करू नये अशा गोष्टींची एक यादी आहे. त्या यादीतील सगळेच शब्द आज आदराने वाचता येतील असे नव्हे. परंतु तिच्यात वस्त्र, अलंकार, शिजलेले अन्न आणि पाणी यांच्या पंक्तीस 'पत्र' हा शब्द आहे, आणि टीकाकार त्याचा अर्थ 'वाहन' असा करतात. धाकटे बंधू हसले आणि म्हणाले, "म्हणजे शिजलेले अन्न आणि ही गाडी एका पंक्तीत!" विनोदाने का होईना, गाडी वाचली. पेट्रोल ज्याचे काम त्याचे, दुरुस्ती तिघांची, आणि वर्षातून एकदा गुहागरास कुलदैवतास जावयाचे ते सर्वांनी याच गाडीतून, असे ठरले.

गुहागरचा व्याडेश्वर हे अनेक कोकणस्थ घराण्यांप्रमाणे आमचेही कुलदैवत. साताऱ्याहून उंब्रजपर्यंत मोठा रस्ता, तेथून उजवीकडे वळून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि पुढे समुद्र. २०१८ च्या डिसेंबरात आम्ही निघालो तेव्हा त्या दोघी जावांच्या अबोल्यास अकरा महिने झाले होते. जागा नेहमीच्याच. माईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या दाराजवळ, शेवटच्या बाकावर. आणि धाकटीस उलटे बसण्याचा त्रास होत नाही म्हणून ती मधल्या बाकावर. म्हणजे दोघी अगदी समोरासमोर. पाटणपर्यंत एक उजवीकडे पाहत होती आणि एक डावीकडे. मुलांनाही काही कळले असावे. भेंड्या लागल्या नाहीत. कोयनानगरास चहा झाला, तोही दोन टोकांस उभे राहून.

घाट उतरावयाचा नियम असा की, ज्या गीअरमध्ये चढावे त्याच गीअरमध्ये उतरावे, गाडी मोकळी सोडू नये, आणि चढून येणाऱ्यास वाट द्यावी. आम्ही दुसऱ्या गीअरमध्ये हळूहळू उतरत होतो. कुंभार्लीची वळणे एकापाठोपाठ येतात, आणि प्रत्येक वळणास मागची मंडळी एकदा या अंगास, एकदा त्या अंगास कलत. तिसऱ्या की चौथ्या वळणास दोन बाकांमधील पिशवी आडवी झाली आणि नैवेद्याच्या लाडवांचा डबा घसरत दाराकडे निघाला. तेव्हा मागून माईंचा आवाज आला, "डबा धर!"

आम्ही जन्मभर वाक्ये सोडवून दाखविली आहेत. या वाक्यात कर्म आहे, क्रियापद आहे. कर्ता अध्याहृत आहे. कर्ता उच्चारावा लागला असता तर ते वाक्य बहुधा निघालेच नसते. आणि दुसरे असे की, त्या 'धरा' म्हणाल्या नाहीत, 'धर' म्हणाल्या. अबोल्यातील माणसे बोलू लागली तर आधी 'अहोजाहो' करतात; येथे पंचवीस वर्षांची जुनी एकवचनी आज्ञा तशीच परत आली. धाकटी म्हणाली, "धरलाय, माई." पुढे काही वेळ कोणी बोलले नाही. मग लाडू किती फुटले याची मोजदाद सुरू झाली, आणि अलोऱ्यास पोहोचेपर्यंत बेदाणे कोणत्या दुकानातून आणले येथवर संभाषण आले. आम्हांस समोरच्या लहान आरशात सगळे दिसत होते. पण आम्ही रस्त्याकडे पाहिले. तांब्याचा बंब आजही माईंकडे आहे. धाकटी संक्रांतीला येऊन तो चिंचेने घासून देते.

ही गाडीची थोरवी सांगावी तितकी थोडी. परंतु एका बाजूचे बोलणे म्हणजे विचार नव्हे. २०२४ साली गाडीची नोंदणी पुन्हा पाच वर्षांनी वाढवून घेण्याची वेळ आली. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती वाढवून घ्यावी लागते. त्या वेळी थोरला पुतण्या, जो अभियंता आहे, घरी आला आणि शांतपणे म्हणाला, "काका, चालवणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे या गाडीत नुसता एक पत्रा आहे. हवेची पिशवी नाही. उलट्या बाकावरच्या मुलांना धक्का बसला तर धरावयास काही नाही. या गाडीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, त्याच वर्षी अपघातातील सुरक्षिततेचे नवे नियम लागू झाले, हे तुम्हांला ठाऊक आहे. आम्ही या गाडीत वाढलो. पण माझी मुलगी मी यात बसवून घाटातून नेणार नाही."

सौभाग्यवतीस वाईट वाटले. माई म्हणाल्या, "इतकी वर्षे काही झाले नाही ना?" आम्ही मात्र पुतण्याच्या बाजूने बोललो. इतकी वर्षे काही झाले नाही, हे देवाचे देणे आहे. ते प्रमाण नव्हे. ज्या गाडीचे प्रेम सर्वांना एकत्र नेण्यासाठी, तिच्या प्रेमापायी त्या सर्वांपैकी एकासही धोक्यात घालावे, हे तर्कास धरून नाही. आणि प्रत्येक पिढीस आपल्या लेकरांविषयी भिण्याचा अधिकार आहे. आमच्या मातोश्रींनी तोच अधिकार वापरून धाकट्याच्या हाती चाक दिले नव्हते.

तेव्हा तोडगा असा निघाला. नोंदणी वाढवून घेतली. पण गाडी आता गावाबाहेर जात नाही. मंडई, देऊळ, डॉक्टर, आणि एखाद्या कार्यात आचाऱ्याची पातेली, एवढ्यापुरतीच ती फिरते. गुहागरास पुतण्याची नवी सात आसनांची मोटार जाते आणि तिच्या मागोमाग धाकट्या बंधूंची. नव्या मोटारीत गारवा आहे, मानाची जागा खरोखर मानाची आहे, जावई सुखी आहेत. सर्वांची तोंडे मात्र पुढच्या दिशेस. एकाच गाडीत बसून प्रत्येक जण समोरच्याचे केस पाहतो, आणि तेही पाहून कंटाळला की हातातला फोन पाहतो. यात कोणाचा दोष नाही. सुरक्षितता आणि सान्निध्य या दोन्ही गोष्टी एकाच कारखान्यात एकाच साच्यातून निघतील, असा आग्रह धरता येत नाही. पहिली पुतण्याने विकत आणली. दुसरी ज्याची त्याने घरून न्यावी लागते.

म्हणून आम्ही वडीलकीच्या नात्याने दोनच नियम घालून दिले आहेत. पहिला, दोन मोटारी असल्या तरी निघावयाचे एकदमच. आक्कांचा चष्मा सापडेपर्यंत एकही चाक हलणार नाही. दुसरा, पुढे गेलेल्याने उंब्रजच्या फाट्यावर आणि कोयनानगरास थांबावयाचे, आणि मागची गाडी आल्यावाचून चहा सांगावयाचा नाही. मुले प्रथम हसली. गेल्या खेपेस मात्र कोयनानगरास मागच्या गाडीस पाऊण तास उशीर झाला, तेव्हा पुतण्याची सात वर्षांची मुलगी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि चहावाल्याने दोनदा विचारले तरी तिने त्याला सांगितले, "थांबा, अजून सगळे आले नाहीत."

'सगळे' हा शब्द तिने नेमका वापरला. एक गाडी पुढे विकली जाईल, मोडीतही जाईल. लोखंडास तो धर्म चुकलेला नाही. चतुर्थीचा तो प्रत्यय, 'सर्वांसाठी' थांबण्याचा, घरात टिकला म्हणजे झाले.